ड्रिझेलाची माळ आणि खणाचं परकर-पोलकं : एका घरातली केस

मोठीला, म्हणजे ताईच्या मुलीला, विचारून लिहितेय हे आधीच सांगते. तिच्या दोन अटी आहेत, एक म्हणजे नाव टाकायचं नाही आणि दुसरी म्हणजे तिच्याबद्दल "बिचारी" हा शब्द वापरायचा नाही. पहिली अट सोपी आहे. दुसरीवरच खरं तर ही सगळी केस उभी आहे, त्यामुळे तो शब्द येणार, पण तिला चिकटवणार नाही.

तर झालं असं. मे महिन्यातला रविवार, मी नौपाड्याहून ताईकडे कासारवडवलीला गेले होते, घोडबंदर रोडला मेट्रोच्या खांबांमधून रांगत रांगत, म्हणजे जेवायला बोलावलं होतं आणि पोचले तेव्हा आमरस गरम झाला होता. जेवण झाल्यावर दुपारी एसी लावून सगळे हॉलमध्ये लोळत होतो आणि छोटीने सिंड्रेला लावला. तोच तो जुना, 1950 चा, डिस्नेचा. छोटी आठ वर्षांची, तिला तो पाठ आहे, उंदरांचे डायलॉग ती त्यांच्या आधी म्हणते. मोठी पंधरा वर्षांची, ती मोबाईल घेऊन सोफ्याच्या टोकाला आडवी, आपण हे बघत नाहीये असं दाखवत बघत होती.

सिनेमात तो ड्रेस फाडायचा सीन आला. सिंड्रेला गुलाबी ड्रेस घालून जिन्यावरून धावत खाली येते, मलाही न्या म्हणते, आणि त्या दोघी सावत्र बहिणी तिच्या गळ्यातली माळ आणि कमरेचा पट्टा ओळखतात आणि तिच्यावर तुटून पडतात, दोन मिनिटांत चिंध्या. छोटी दर वेळी इथे उशी तोंडावर घेते. आणि मोठी मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बरोबरच आहे ना. तिची माळ होती."

हॉलमध्ये एकदम गार. ताई स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "तुला काही लाज?" भावजी म्हणाले, "जाऊ दे ना." छोटी रडायला लागली. मोठी उठून आत गेली आणि दार आपटलं, आणि दार आपटल्यावर लक्षात आलं की ती खोली छोटीचीही आहे म्हणून छोटीला रडायला जागाच नाही, ती माझ्या मांडीत येऊन रडली.

घरी परतताना रिक्षात मी विचार करत होते की ही पोरगी म्हणाली ते चूक आहे का. म्हणजे बोलायची वेळ चूक होती, स्वर तर अगदी चूक होता. पण मुद्दा?

घर कसं आहे ते सांगते

ताईचे पहिले मिस्टर 2021 च्या दुसऱ्या लाटेत गेले. मोठी तेव्हा पाचवीत. डोंबिवलीत राहायचे ते. दोन वर्षं ताईने नोकरी, घर, क्लासेस सगळं एकटीने ओढलं आणि 2023 मध्ये लग्न केलं. भावजींची बायको छोटी दोन वर्षांची असतानाच गेली होती, त्यांची नोकरी वागळे इस्टेटला, घर कासारवडवलीला. माणूस चांगला आहे, हे मी ताईची बहीण म्हणून नाही, पक्की खवचट मेहुणी म्हणून सांगतेय. लग्न दोघांनी विचार करून केलं, मुलींना आधी भेटवलं, दोनदा तलावपाळीला नेलं, आईस्क्रीम खाऊ घातलं, पुस्तकात सांगतात ते सगळं केलं.

मग मोठी तिकडे राहायला गेली. शाळा बदलली, आठवीत. मैत्रिणी डोंबिवलीत राहिल्या. एकुलती एक होती, तिला स्वतःची खोली होती, आता छोटीच्या खोलीत कपाटाचे खालचे दोन कप्पे आणि एक बेड. भिंतीवर छोटीची फुलपाखरं आधीपासून होती ती तशीच. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मिळून छोटीला शिकवलं, ही तुझी ताई, ताई म्हण. छोटी लगेच म्हणायला लागली, ती तशी गोडच आहे. पण मोठीला कुणी विचारलं नाही की तुला ताई व्हायचंय का. आपल्याकडे "ताई" ही हाक म्हणजे नुसती हाक नसते हो, त्याच्याबरोबर कामं येतात, आधी तिला दे, तू मोठी आहेस ना, समजून घे. मी धाकटी आहे, माझ्या ताईकडून ही सगळी वसुली मी बावीस वर्षं केलीये, त्यामुळे मला माहितीये त्या शब्दाची किंमत कोण भरतं.

आणि नाव. आपल्याकडे मधलं नाव वडलांचं. शाळेत, सोसायटीच्या फॉर्मवर, गेटवरच्या ॲपमध्ये, दोघी बहिणींची मधली नावं वेगळी, आडनावं वेगळी. वॉचमन विचारतो, समोरच्या काकू विचारतात, "म्हणजे तू यांची कोण?" सरकारने 2024 च्या 1 मे पासून जन्मलेल्या मुलांसाठी आईचं नाव आधी आणि मग वडलांचं असा नियम केला, मला तेव्हा उगाच वाटलं की हा नियम चौदा वर्षं आधी आला असता तर निदान फॉर्म भरताना हिला जरा बरं गेलं असतं. असो, ते विषयांतर झालं.

हॉलमध्ये एक फोटो आहे, छोटीच्या आईचा, चंदनाचा हार घातलेला. तो असायलाच हवा, मुलीची आई आहे ती. मोठीच्या बाबांचा फोटो ताईच्या कपाटात आहे, लॉकरच्या वर, रुमालात गुंडाळलेला. कुणी लाव म्हटलं नाही, कुणी लावू नको पण म्हटलं नाही. नव्या घरात पहिल्या नवऱ्याचा फोटो कसा लावायचा म्हणून ताईच गप्प बसली, आणि भावजींच्या ते डोक्यातच आलं नाही.

आता घरी येणारा प्रत्येक माणूस, भावजींची आत्या, शेजारी, छोटीची बाई, आधी फोटोकडे बघतो, मग छोटीकडे, आणि "बिचारी" म्हणतो. आणि छोटी आहेच हो. पण माझ्या असं लक्षात आलंय की घरात बिचारीची खुर्ची एकच असते. ती भरली की दुसरीला उभंच राहावं लागतं, आणि उभ्या माणसाला आपण आगाऊ म्हणतो.

आता सिनेमा

घरी येऊन मी तो सीन पुन्हा बघितला, चार वेळा. नवरा म्हणाला, हे काय, तुझी सिंड्रेलाची परीक्षा आहे का. पण बघाच तुम्ही पण, लहानपणी बघितलेलं आणि आता बघितलेलं यात फार फरक पडतो.

आधी सुरुवात. निवेदन सांगतं की सिंड्रेलाच्या वडलांनी मुलीला आईची माया मिळावी म्हणून दुसरं लग्न केलं, बाई चांगल्या घरातल्या, त्यांना दोन मुली, ड्रिझेला आणि ॲनास्टेशिया, सिंड्रेलाच्याच वयाच्या. हे मी विसरलेच होते, त्याच वयाच्या. म्हणजे सिनेमा सुरू होतो तेव्हा तिघीही लहान पोरी आहेत आणि त्या दोघी दुसऱ्याच्या घरात राहायला आल्यात. बंगला सिंड्रेलाच्या बापाचा. मग तो जातो, आणि पुढच्याच वाक्यात निवेदन त्या दोघींना गर्विष्ठ आणि स्वार्थी म्हणून मोकळं होतं. त्यांचा स्वतःचा बाप कुठेय, कधी गेला, त्याचं काय झालं, एक शब्द नाही. सिंड्रेलाचा बाप मेल्याचं दुःख आहे, यांना जणू बाप नव्हताच.

हे मी त्यांची वकिली करायला नाही सांगत. त्या दोघी वाईटच वागतात. सकाळी अंथरुणात नाश्ता, तो सिंड्रेलाने आणायचा, इस्त्रीचे ढीग, कपाखाली उंदीर निघाला की तो तिनेच ठेवला म्हणून आईकडे बोंब, आणि मग आई तिला जास्तीची कामं लावते. हा छळच आहे आणि त्यात या दोघींचा वाटा आहे.

पण ड्रेसचा सीन नीट बघितला ना की एक गोष्ट दिसते. ती माळ आणि तो पट्टा त्यांनीच टाकलेला असतो. ड्रिझेलाला माळ बघवत नाही, ॲनास्टेशियाला तो पट्टा घालून मेलेलंही चालणार नाही, असं म्हणत दोघी फेकून देतात, उंदीर ते उचलून नेतात आणि सिंड्रेलाच्या ड्रेसला लावतात. म्हणजे मोठीचं "तिची माळ होती" हे अर्धंच खरं, होती पण टाकलेली होती. पुढे काय होतं बघा. सिंड्रेला खाली येते, दोघी मुली नुसत्या आरडाओरडा करतात, ही कशी येणार म्हणून. आई म्हणते, थांबा, आपलं ठरलं होतं, मी शब्द फिरवत नाही. सगळं शांत होतं. मग ती बाई सिंड्रेलाजवळ येते आणि अगदी गोड आवाजात त्या माळेचं कौतुक करते आणि कौतुक करता करता ड्रिझेलाला विचारते, नाही का गं ड्रिझेला? तेवढंच. एक बोट माळेला लावलं आणि मुलीकडे बघितलं. तोपर्यंत ड्रिझेलाने माळ ओळखलीच नव्हती! मग तिची ट्यूब पेटते, मग ॲनास्टेशियाला पट्टा दिसतो, आणि फाडाफाडी. आणि सगळं झाल्यावर आई म्हणते, पुरे मुलींनो, स्वतःला त्रास करून घेऊ नका. आणि सिंड्रेलाला शुभरात्री म्हणून जाते.

लेडी ट्रेमेनने, म्हणजे त्या आईने, ड्रेसला हात पण लावला नाही. तिचा शब्द पाळला गेला, तिचा आवाज चढला नाही, आणि लेकरांच्या डोक्यात सत्तर-पंच्याहत्तर वर्षं राक्षस म्हणून कोण राहिलं तर त्या दोन पोरी. मला हे बघून अंगावर काटा आला. लिहिणाऱ्यांनी ते मुद्दाम तसं रचलंय, बाई किती धूर्त आहे हे दाखवायला, पण त्या धूर्तपणाचा पहिला बळी तिच्याच मुली आहेत हे मात्र सिनेमा म्हणत नाही. तो दाखवतो आणि पुढे जातो.

अजून एक ओझरता सीन आहे, गाण्याच्या तालमीचा. ड्रिझेला बेसूर गातेय, ॲनास्टेशिया बासरी वाजवतेय तीही तशीच, आई साथीला, चेहऱ्यावर सुरकुती नाही. आपण हसतो. हसायलाच आहे तो सीन, कारण लगेच खाली फरशी पुसत सिंड्रेला तेच गाणं गोड गाते. पण दोन मुलींना जे येत नाही तेच रोज करायला लावणारी आई, स्थळासाठी, हे ठाण्यात काय किंवा डोंबिवलीत काय, कुणाला नवीन आहे का? आमच्या बिल्डिंगमधे अशा किमान दोन कथक शिकणाऱ्या मुली होत्या, त्यातली एक मी.

गोष्ट बदलत आलीये

या सावत्र बहिणी मुळात अशाच होत्या असंही नाही. शार्ल पेरोने 1697 मध्ये फ्रेंचमध्ये ही गोष्ट लिहिली त्यात धाकटी सावत्र बहीण थोरलीपेक्षा जरा कमी वाईट आहे, थोरली जे घाण नाव ठेवते ते ती ठेवत नाही, आणि शेवटी दोघी पाया पडतात, सिंड्रेला माफ करते, राजवाड्यात नेते, दोघींची सरदारांशी लग्नं लावून देते. मग जर्मनीत ग्रिम बंधू आले. त्यांच्याकडे एक बहीण बुटात पाय बसावा म्हणून अंगठा कापते, दुसरी टाच कापते, आणि सुरी कोण देतं? आई. राणी झालीस की तुला पायाने चालावं लागणार नाही, असं म्हणून. आणि 1819 च्या आवृत्तीत तर कबुतरं दोघींचे डोळे फोडतात. आईला शिक्षा नाही! मला वाटतं बहुतेक लोकांच्या डोक्यात पेरो आणि ग्रिमचं कालवण झालंय.

डिस्नेला पण पुढे टोचलं असावं. 2002 च्या दुसऱ्या भागात ॲनास्टेशिया एका बेकरीवाल्याच्या प्रेमात पडते. आणि 2007 च्या तिसऱ्या भागात तर तीच जवळजवळ नायिका, जादूची कांडी तिच्या हाती लागते, आई काळ उलटा फिरवते, बूट ॲनास्टेशियाच्या पायात बसतो, आणि ती राजवाड्यात जाते. म्हातारा राजा तिला आपल्या गेलेल्या बायकोची आठवण म्हणून जपलेला शिंपला देतो. शेवटी तिला जादूने सिंड्रेलाचं रूप देऊन लग्नाला उभं करतात आणि ती ऐन वेळी नाही म्हणते.

चांगलाय तो भाग, खरंच. पण माझी एक तक्रार आहे. तिथे ॲनास्टेशियाबद्दल वाईट वाटायला लागतं ते ती सुधारायला लागल्यावर. ती हळवी होते, लाजते, अपराधी वाटतं तिला, मग आपण म्हणतो अरेरे. म्हणजे आधी चांगली हो, मग तुझ्यासाठी वाईट वाटून घेऊ. हे तर आपण घरात रोज करतो. नीट वाग, मग बोलू. मला विचाराल तर खरी कसोटी ती पट्टा ओढतेय, ओरडतेय, चेहरा लाल झालाय, त्या क्षणी तिच्याबद्दल काही वाटतं का ही आहे. मला आता वाटतं. आणि त्याच क्षणी सिंड्रेलाबद्दल पण वाटतं, जास्त वाटतं. दोन्ही एकदम मावतं, पोटात जागा असते.

आपल्याकडे पण हेच आहे. ध्रुवाची गोष्ट घ्या. उत्तानपाद राजाच्या मांडीवर उत्तम बसलाय, ध्रुव चढायला जातो, सुरुची त्याला ओढून काढते आणि टाकून बोलते. ध्रुव रानात जातो, तप करतो, तारा होतो. आणि उत्तम? तो मांडीवरच बसून राहिलाय आपल्या डोक्यात, मख्खासारखा. त्याने ओढलं नव्हतं, त्याने हाकललं नव्हतं, आईने केलं. भागवतात पुढे आहे की उत्तम शिकारीला गेला असता यक्षाच्या हातून मारला गेला आणि ध्रुव त्याच्यासाठी यक्षांवर चालून गेला, म्हणजे त्या दोघांत काहीतरी होतं. पण शाळेत ती गोष्ट बापाच्या मांडीवर सुरू होते आणि आकाशात संपते. "सावत्र" हा शब्दच आपण शिवीसारखा वापरतो, पालिकेने आमच्या भागाला पाणी दिलं नाही तर सावत्र वागणूक. खरोखरच्या सावत्र पोरांनी हे ऐकून काय करायचं?

आता परकर-पोलकं

सिनेमाबद्दल एवढं लिहिलं कारण खरी गोष्ट त्याच्याशी इतकी जुळते की मला स्वतःलाच संशय आला.

जानेवारीत छोटीच्या शाळेचं गॅदरिंग होतं, मंगळागौरीचा डान्स, खणाचं परकर-पोलकं पाहिजे. ताईला आठवलं की मोठीचं आहे एक. जांभळ्या खणाचं, हिरवे काठ. मोठी नऊ वर्षांची असताना, 2019 च्या दिवाळीला, तिच्या बाबांनी घेतलेलं, नरकचतुर्दशीला सकाळी फडके रोडवर जायला. डोंबिवलीकरांना वेगळं सांगायला नको, त्या सकाळी फडके रोडवर नवे कपडे घालून सगळं गाव येतं. बाबांच्या खांद्यावर बसून काढलेला तिचा फोटो आहे त्यात. त्यानंतर बाबांबरोबर एकच दिवाळी मिळाली आणि ती लॉकडाऊनच्या वर्षातली, फडके रोड वगैरे काही नाही.

ताईने ते कपाटातून काढलं, इस्त्री केली, छोटीला घालून बघितलं, मापात बसलं. मोठीला सांगितलं रात्री जेवताना, "तुला आता कुठे होतंय, छोटीला दिलंय." मोठी काही बोलली नाही. ताईला वाटलं झालं. गॅदरिंगच्या दिवशी संध्याकाळी चारला बघतात तर हँगर रिकामा. मोठीने आपल्या कप्प्यात टाकून कुलूप लावलेलं आणि स्वतः क्लासला गेलेली, फोन बंद. छोटी समोरच्या काकूंच्या नातीचं मोठं परकर सेफ्टी पिना लावून घालून नाचली, मधेच एक पिन सुटली, व्हिडिओत दिसतं ती एका हाताने परकर धरून फुगडी घालतेय.

हे वाईट होतं. मी मोठीच्या बाजूने लिहितेय असं वाटत असेल तर हे वाक्य पुन्हा वाचा. आठ वर्षांच्या मुलीला तिने ठरवून, वेळ साधून, फोन बंद करून दुखावलं. नको म्हणायचं होतं तर आदल्या रात्री म्हणायचं.

पण म्हणायचं कुणाला? प्रश्न विचारलाच नव्हता, निर्णय सांगितला होता. आणि वाक्य काय होतं, "तुला कुठे होतंय". म्हणजे वस्तू अंगात बसत नाही, म्हणजे टाकलेली, म्हणजे कुणाचीही. उंदरांनी माळ उचलली त्याच हिशोबाने. फरक इतकाच की ड्रिझेलाने माळ स्वतः फेकली होती आणि हिने फेकली नव्हती, हिने पाच वर्षं घडी घालून ठेवली होती. त्यामुळे मे महिन्यात ती सोफ्यावरून जे बोलली ते ड्रिझेलाबद्दल नव्हतंच.

ताईला मी लेडी ट्रेमेन म्हणत नाहीये, देवाशपथ. ताईने कुणाला चिथावलं नाही, ती थकली होती, गॅदरिंगची नोटीस तीन दिवस आधी आली होती आणि खणाचं नवं शिवायला वेळ नव्हता. पण यंत्र तेच आहे. मोठ्यांनी एक गोष्ट परस्पर ठरवायची, ती दोन मुलींच्या मधे ठेवायची, आणि मग त्या भांडल्या की म्हणायचं, पुरे आता. ट्रेमेनबाई हे कळून करते. आपण न कळता करतो. फाटायचं ते दोन्हीकडे फाटतंच.

मेव्हिस हेदरिंग्टन म्हणून अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ होत्या, घटस्फोट झालेली आणि पुन्हा लग्न झालेली कुटुंबं त्यांनी काही दशकं अभ्यासली. त्यांचं एक म्हणणं असं की मुलं वयात येत असताना आईबापांनी नवं लग्न केलं तर ते सगळ्यात अवघड जातं, आणि मुलींचं सावत्र वडलांशी जुळायला जास्त त्रास होतो. आमची मोठी तेरा वर्षांची होती. म्हणजे पेपरच अवघड सेट झाला होता.

जे लोक मला पटवून द्यायला आले

नवरा म्हणतो नाटकं आहेत, दहावीचं वर्ष आहे, दोन कानाखाली ठेवून दिल्या की बरोबर होईल. त्याला उत्तर देण्यात अर्थ नाही, त्याने आयुष्यात कुणाच्या कानाखाली वाजवलेली नाही, मांजराच्या पण नाही.

भावजींचा मुद्दा मात्र मला थांबवणारा होता. ते म्हणाले, "तिचं दुःख मला कळतं हो. पण तुम्ही सगळे तिचं दुःख समजून घेत बसता तेव्हा त्याचे पैसे छोटी भरते. पिना लावून कोण नाचलं?" यावर माझ्याकडे चटकन काही नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. सिनेमात आपल्याला हे परवडतं, सिंड्रेलाला राजपुत्र मिळणार हे माहीत असतं म्हणून ड्रिझेलाकडे बघायला फुरसत मिळते. घरात तसं नसतं, घरात त्या रात्री छोटी झोपेपर्यंत हुंदके देत होती आणि तिच्या वरच्या बेडवर हिचे इअरफोन चालू.

ताईचं म्हणणं साधं होतं. "मी दोघींची आई व्हायला बघतेय. छोटीशी जरा कमी पडले की लोक सावत्र म्हणणार, म्हणून मी छोटीला आधी देते. मोठी माझीच आहे, ती समजून घेईल असं धरलं होतं." ती हे बोलली आणि आम्ही दोघी ओट्याला टेकून काही वेळ गप्प. ही गोष्ट तर कुठल्याच सिनेमात मी बघितली नाही, की सावत्र आई वाईट ठरू नये म्हणून सख्ख्या मुलीच्या वाट्याचं कापते. ट्रेमेनबाईच्या बरोबर उलट, आणि पोरगी दोन्हीकडे तेवढीच वैतागलेली.

छोटीला पण विचारलं मी. तुला ताई आवडते का गं? म्हणाली, "हो. ती ओरडते पण गणित नीट शिकवते." मग थोड्या वेळाने, "पण तो ड्रेस सिंड्रेलाच्या आईचा होता ना मावशी." हो गं, होता. गुलाबी ड्रेस तिच्या गेलेल्या आईचा होता, हे मी चार वेळा बघून एकदाही धरलं नव्हतं. तिने उशीआडून धरलं होतं. म्हणजे त्या सीनमध्ये एका मुलीची टाकलेली माळ आहे आणि दुसरीच्या मेलेल्या आईचा ड्रेस आहे, आणि आमच्या हॉलमध्ये दोन मुली त्यातली आपापली वस्तू बघून वेगवेगळं रडत होत्या, एक रडत आणि एक दार आपटून.

पुढे काय केलं

फार काही नाही. मी काही समुपदेशक नाही. ताईला म्हटलं, परकर-पोलक्याबद्दल मोठीला सॉरी म्हण, आणि त्याच्या बदल्यात तिच्याकडून सॉरीची अपेक्षा लगेच ठेवू नकोस. ताई म्हणाली, मी आई असून? मग म्हणाली बघते. म्हणाली तिने, आठ दिवसांनी, भाजी निवडताना. मोठी फक्त "ठीके" म्हणाली. छोटीला सॉरी मोठीने अजून म्हटलेलं नाही, ते मी विसरलेले नाही आणि तिलाही तसं सांगितलंय.

फोटोचं भावजींनीच केलं. त्यांना ताईने कपाटातल्या रुमालाचं सांगितलं तेव्हा ते खरंच चक्रावले, "मला वाटलं तुम्हाला नकोय." आता तो मोठीच्या टेबलावर आहे, हॉलमध्ये नाही, कारण मोठीच म्हणाली हॉलमध्ये नको, येणारे जाणारे बघतात आणि मग तोंड करतात. कसलं तोंड ते तिने सांगितलं नाही, मी समजले.

मी तिला तिसऱ्या भागाबद्दल सांगितलं होतं, ॲनास्टेशियावाला, बघ म्हटलं. तिने तेव्हा डोळे फिरवले, ते ती फार छान फिरवते. परवा रात्री पावणेबाराला मेसेज आला.

"बघितला. राजवाडा सोडला ते मूर्खपणाचं आहे. मी नसता सोडला."

मी लिहिलं, बरं.

मग बराच वेळ नुसतं टायपिंग, टायपिंग, बंद, परत टायपिंग. आणि मग, "पण तो शिंपला परत द्यायला गेली ते बरोबर केलं. त्याच्या बायकोचा होता तो."

मी अंगठा पाठवला, बाकी काही सुचलं नाही. परकर-पोलकं अजून तिच्याच कप्प्यात आहे, कुलपात.